चोर आणि चोर पकडणारा

चोराच्या वाटा चोरासच ठाऊक, ही म्हण आपण सहज उच्चारतों. परंतु एखाद्या नगरीनें तिच्यावरच न्यायाची उभारणी केली तर काय होतें, हें पाहावयाचें असेल तर अठराव्या शतकाच्या आरंभींच्या लंडनकडे वळावें.

त्या अफाट शहरांत पगारी पोलीसदल नव्हतें. रात्रीचे रखवालदार आणि आळीपाळीनें काम करणारे बिनपगारी शिपाई, एवढाच काय तो बंदोबस्त. म्हणून सरकारनें बक्षिसाचा मार्ग पत्करला: घरफोड्यास पकडून त्याचा गुन्हा शाबीत करून देणारास ४० पौंड! या बक्षिसावर जगणाऱ्यांचा मुकुटमणि म्हणजे जोनाथन वाइल्ड. चोरीचा माल कोठें आहे हें त्यास नेमकें ठाऊक असे, कारण चोर त्याच्याच ताबेदारींतले असत. धन्याकडून मोबदला घेऊन तो माल परत मिळवून देई, आणि जो चोर शिरजोर होई त्यास फांसावर चढवून ४० पौंड पदरांत पाडी. कुंपणानेंच शेत खावें, आणि राखणीची मजुरीहि मागावी, तशांतलाच हा प्रकार होता.

त्याच्यापुढें मान न वांकविणारा चोर निघाला जॅक शेपर्ड. हा सुताराकडील उमेदवार. काम अर्धवट टाकून १७२३ च्या सुमारास घरफोडीस लागला. चोरीचा माल वाइल्डच्या हातीं देण्याचें त्यानें नाकारलें, आणि येथेंच दोघांच्या वाटा एकमेकींस छेदून गेल्या. वाइल्डनें शेपर्डच्या सोबतिणीस दारू पाजून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला. १७२४ च्या जुलैंत शेपर्ड पकडला गेला. ऑगस्टांत त्यास देहान्ताची शिक्षा झाली. महिना संपतांच तो न्यूगेटच्या तुरुंगांतून निसटला. पुन्हां सांपडला, तेव्हां त्यास जमिनीशीं सांखळदंडांनीं जखडण्यांत आलें. १४ ऑक्टोबरला शेपर्डच्या एका साथीदारानें न्यायालयांतच वाइल्डच्या गळ्यावर चाकू चालविला. वाइल्ड वांचला, पण अंथरुणास खिळला. आणि दुसऱ्याच रात्रीं शेपर्डनें बेड्या सोडविल्या, धुराड्याची भिंत फोडली, सहा अडसरबंद दारें उघडलीं व छप्पर गांठलें. उतरण्यास कांहीं साधन नाहीं हें पाहून तो कोठडींत परतला, आणि घोंगडी घेऊन पुन्हां वर आला!

१ नोव्हेंबरला मद्यधुंद स्थितींत तो सांपडला, व १६ रोजीं टायबर्न येथें फांसावर गेला. वय अवघें बावीस. जमाव हळहळला. पुढील वर्षीं, २४ मे १७२५ रोजीं, त्याच ठिकाणीं वाइल्ड लटकला. चोरीस गेलेली लेस परत देण्यासाठीं घेतलेल्या १० गिनी त्याच्या जिवावर बेतल्या. त्या दिवशीं जमावानें दगड मारले.

शेपर्ड कांहीं साधुपुरुष नव्हे. ज्यानें त्याच्यावर माया केली त्याचेंच घर त्यानें फोडलें होतें. तरीहि लोकांनीं केलेला भेद अगदींच अविचाराचा म्हणवत नाहीं. घरफोड्या एका घराची भिंत फोडतो. न्यायाचा बाजार मांडणारा साऱ्या नगरीचा विश्वास फोडतो. लंडनला पगारी पोलीसदल मिळण्यास १८२९ साल उजाडावें लागलें.

जॉन गे यानें १७२८ सालीं या दोघांच्या छायेवर संगीतिका रचली. ब्रेख्तनें १९२८ सालीं तिला नवें रूप दिलें. आणि १९७८ सालीं पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकानें ती मराठी रंगभूमीवर आणिली. अडीचशें वर्षांनंतर, सातासमुद्रापलीकडेहि, ही कथा कोणास परकी वाटली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.