पाणवठ्यापासून कचराकुंडीपर्यंत

पर्यावरण हा शब्द काढला की आपली पोरं तोंड फिरवतात. ते रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या पांढरपेशांचं काम, आपल्या पोटापाण्याचं बोला, म्हणतात. हा राग खोटा नाही. पण दोस्तहो, शहराचं पाणी आणि शहराची घाण या दोन्ही गोष्टींवरची लढाई आपल्याच माणसांनी लढलीय. ती पर्यावरणाच्या इतिहासात कुणी लिहिली नाही, एवढंच.

कोल्हापूरचंच घ्या. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना फोडून काढलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. स्वतः तिथं चहा प्याले, बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजला. १९१९ साली हुकूम निघाला की सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने इथं शिवाशिव पाळायची नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली; अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. पुढं २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. पाणी कुणाचं, हा सवाल आपण तेव्हाच विचारला. नदी-तळ्याच्या कुठल्याही चळवळीचा पहिला सवाल हाच असतो.

पाण्याचा सवाल उभा राहिला, पण घाणीचा तसाच राहिला. घाण कुणी करायची आणि कुणी उचलायची हे जातीनं ठरवून ठेवलेलं. बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढायची सोडा, खेडी सोडा. माणसं शहरात आली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली, आणि त्याच साली दुष्काळानं मराठवाड्यातली बौद्ध-मातंग कुटुंबं पुण्याच्या वाटेला लावली. शेत नाही, शिक्षण नाही. मग बायांच्या पाठीला पोतं आलं. गावची घाण सोडून आलेल्या माणसाच्या हाती शहरानं पुन्हा घाणच दिली.

पण या बाया गप्प बसल्या नाहीत. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकारानं पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरलेला हाच माणूस, म्हणजे पाणवठ्याची चळवळ कचराकुंडीपर्यंत आली. पंचायतीचं म्हणणं साधं होतं: आम्ही चोर नाही, भिकारी नाही, आम्ही कामगार. मग ओळखपत्रं मिळवली. २००८ साली या बायांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा कचरा घ्यायचा, घरटी सेवाशुल्क घ्यायचं, भंगार विकून येणारा पैसा बाईचाच. कुंडीत हात घालायचा नाही.

आता यात पर्यावरण कुठं आलं? कागद, काच, पत्रा पुन्हा कारखान्यात गेला की तेवढं लाकूड, तेवढी खनिजं, तेवढी वीज वाचते. न वेचलेला कचरा डेपोत जातो. ओला सडतो, त्यातून मिथेन निघतो, ढीग पेटतो, काळं पाणी जमिनीत मुरतं. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले, पंचगंगेपासून फार लांब नाही. त्यात जयंती नाला, दुधाळी नाला शहराचं सांडपाणी नदीत ओतत आले. २०१२ साली खालच्या अंगाला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं मेली. नदीवर मोर्चे निघाले, उच्च न्यायालयात याचिका गेली. हे सगळं रास्त. पण कचरा वेचून नदीवरचा भार रोज थोडा हलका करणाऱ्या बाईचं नाव कुठल्या मोर्च्यात घेतलं गेलं? कोल्हापुरात 'अवनि'सारख्या संस्थेनं या बायांना एकत्र आणलं, त्यांच्या पोरांच्या शाळेचा प्रश्न धरला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. हे काय आभाळातून पडलं नाही. बाया वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या म्हणून आलं.

इथं एक सवाल आपल्याला टाळता येत नाही. बाबासाहेबांनी घाणीचं काम टाका सांगितलं, आणि आपण कचरेवालीला पर्यावरणाची रक्षक म्हणून हार घालायचा? हार नकोच. झाडूचं कौतुक करणारे बक्कळ झाले, त्यांनी झाडू कधी हातात घेतला नाही. बाबासाहेबांनी टाका म्हटलं ते जातीनं लादलेलं, मोबदला नसलेलं, नाही म्हणायची सोय नसलेलं काम. ओळखपत्र, ठरलेलं दाम, हातमोजे, विमा आणि पोरीला शाळा हे आलं की त्या कामातली जात सुटायला लागते. आईनं कचरा वेचला म्हणून पोरीनं वेचायचा नाही. ही अट सोडून शहर स्वच्छ होणार असेल, तर ती स्वच्छता मनूचीच.

तेव्हा मित्रांनो, पंचगंगा वाचवा म्हणणाऱ्यांच्या सभेत जरूर जा. बाजूला उभं राहू नका, पुढं बसा. आणि विचारा: नदी कुणासाठी वाचवायची, आणि ती वाचवणाऱ्या हातांना दाम किती? मग आपल्या वस्तीत या. पोतं घेऊन निघणाऱ्या मावशीजवळ बसा, तिचं म्हणणं तिच्याच शब्दात वहीत उतरवा. पाणवठ्याचा इतिहास आपण लिहिला. आता कचराकुंडीचाही लिहायचा आहे.

जय भीम.