पाँ नफवरील चवथ्या हेन्रीची संगमरवरी पीठिका

पुतळ्याची पीठिका ही इतिहासाचें साधन म्हणून फारशी कोणी तपासीत नाहीं. ती तपासणें किती अवश्य आहे, हें पॅरिस येथील एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सेन नदीवरील पाँ नफ या पुलावर फ्रान्सचा राजा चवथा हेन्री याचा अश्वारूढ पुतळा आहे. मूळ पुतळा इ. स. १६१४ मध्यें उभारला गेला. त्याच्या पीठिकेच्या चार कोपऱ्यांस फ्रांकव्हिल व बोर्दोनी यांनीं घडविलेले चार ब्राँझचे बंदिवान होते. बाजूंवर आर्क व इव्ह्री येथील लढायांचे शिल्पपट होते. हेन्रीचें जेतेपण हाच त्या पीठिकेचा मुख्य विषय. राज्यक्रांतींत, ता. ११ ऑगस्ट १७९२ रोजीं, पुतळा पाडण्यांत आला. बंदिवान मात्र बचावले. ते आज लूव्र संग्रहालयांत आहेत.

बूर्बाँ घराणें पुनः गादीवर आल्यानंतर लमो या मूर्तिकारानें मूळच्याच धर्तीवर नवा पुतळा केला. त्याच्या धातूसाठीं नेपोलियन व सेनापति देसे यांचे पुतळे वितळविले गेले. ता. २५ ऑगस्ट १८१८ रोजीं त्याचें अनावरण झालें. स्वार तोच राहिला. पालटली ती पीठिका. शुभ्र संगमरवराच्या या पीठिकेवर बंदिवान नाहींत. तिच्यावर ब्राँझचे दोन शिल्पपट आहेत. एकांत, आपणच वेढा घातलेल्या पॅरिसमधील उपाशी प्रजेस हेन्री अन्न पोंचूं देत आहे. दुसऱ्यांत, १५९४ सालीं नगरप्रवेश केल्यावर नोत्र दाम देवालयापुढें थांबून तो शांतता व अभय देत आहे.

हा पालट आम्हांस सहेतुक वाटतो. अठरावा लुई हाही दीर्घ परागंदेपणानंतर राजधानींत परतलेला राजा होता. पूर्वजाच्या चरित्रांतून त्यानें स्वतःच्या क्षमाशीलतेची ग्वाही दिली. परंतु त्याच्याच राजवटींत ता. ७ डिसेंबर १८१५ रोजीं मार्शल नेय यास गोळ्या घालण्यांत आल्या, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तात्पर्य, अशी पीठिका ताम्रपटांतील प्रशस्तीप्रमाणें वाचावी. तींतील पूर्वजवर्णन हें पूर्वजाच्या कृतीपेक्षां तें कोरविणाराच्या गरजेचा पुरावा होय. २००४ मधील जीर्णोद्धाराच्या वेळीं या पुतळ्याच्या आंतून १८१८ सालीं ठेविलेलीं कागदपत्रें निघालीं. तीं मोलाचीं खरींच. पण तीं आंत बंद होतीं, आणि पीठिका मात्र येणाऱ्याजाणाऱ्यानें वाचावी म्हणूनच उभी केली होती. हीं दोन्ही साधनें परस्परांशीं ताडून पाहिल्यावांचून त्या काळाविषयीं निर्णय करूं नये.