व्यापारनाम कोणाचे? कोरियन वाणिज्य संहितेच्या कलम २३ वर भाष्य

दक्षिण कोरियाची वाणिज्य संहिता १९६२ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १९६३ पासून अमलात आली. तिच्या पहिल्या भागातले चौथे प्रकरण व्यापारनामांचे. व्यापारनाम म्हणजे ज्या नावाने व्यापारी बाजारात ओळखला जातो ते नाव. त्या प्रकरणातले कलम २३ आपण लावणार आहोत. कलमात चारच उपकलमे आहेत, पण पहिले नीट लागल्याशिवाय उरलेली तीन लागत नाहीत.

उदाहरण एकच घेऊ, देसंगचे. किम सु-गन यांनी १९४७ मध्ये देगू शहरात देसंगचा धंदा सुरू केला. तेव्हा माल एकच होता, कोळशाच्या भुकटीच्या भोके पाडलेल्या वड्या. कोरियातल्या कित्येक घरांची जमीन त्यांच्यावर तापे आणि स्वयंपाकही त्यांच्यावरच होई. पुढे तेल आले, पेट्रोलपंप आले, आणि १९८३ मध्ये सोल व देगू या दोन्ही शहरांत नळाने गॅस पुरवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. २००१ मध्ये संस्थापक वारले. थोरले पुत्र किम यंग-दे यांच्याकडे मूळची देसंग इंडस्ट्रियल राहिली, मधले किम यंग-मिन यांच्याकडे सोल सिटी गॅस, धाकटे किम यंग-हून यांच्याकडे देगू सिटी गॅस. वाटणी झाली ती भांडत भांडतच.

ऑक्टोबर २००९ मध्ये धाकट्यांच्या देगू सिटी गॅसचे विभाजन झाले. गॅसपुरवठा खालच्या कंपनीकडे गेला आणि वरच्या कंपनीने 'देसंग होल्डिंग्स' हे नाव घेतले. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, थोरल्यांच्या देसंग इंडस्ट्रियलचेही विभाजन झाले. तिथल्या वरच्या कंपनीचे नाव ठेवले 'देसंग जिजू'. धाकट्यांची कंपनी न्यायालयात गेली. एवढी हकीकत हाताशी ठेव आणि आता संहितेकडे वळ.

उपकलम १. कोणीही, अनुचित हेतूने, दुसऱ्याचा व्यवसाय असा गैरसमज होऊ शकेल असे व्यापारनाम वापरता कामा नये.

'कोणीही'. याचा अर्थ अपवाद नाही. प्रतिस्पर्धी, परका, नवखा असे विशेषण संहिताकाराने लावलेले नाही, म्हणून आपणही लावायचे नाही. सख्खा भाऊ 'कोणीही' मध्ये येतो. कलम १८ म्हणते की व्यापाऱ्याने आपल्या नावाने किंवा अन्य नावाने व्यापारनाम ठरवावे, त्याला मोकळीक आहे. कलम २३ ही त्या मोकळिकीची सीमा. दोन्ही कलमे एकत्र वाचली नाहीत तर 'माझ्या बापाचे नाव मी का लावू नये?' हा प्रश्न बिनतोड वाटतो. तो बिनतोड नाही. नाव लावण्याचा हक्क कलम १८ देते. त्या नावाने लोक फसू शकतात का, हे कलम २३ पाहते.

'दुसऱ्याचा व्यवसाय'. इथे दोन पाठ संभवतात. पहिला असा, की देसंग हे एकच घराणे, एकच मूळ, म्हणून कोणताही भाऊ 'दुसरा' नाही. दुसरा असा, की नोंदवहीत ज्या दोन वेगळ्या कंपन्या, त्या परस्परांना 'दुसऱ्या'. दुसराच पाठ ग्राह्य. कारण नाव धारण करतो तो व्यापारी, आणि कंपनी हा स्वतंत्र व्यापारी आहे. घराणे हा व्यापारी नाही. शिवाय वाटणीनंतर नफातोटा वेगळा, भागधारक वेगळे, कर्जेही वेगळी.

आणखी एक गोष्ट पाहा. संहिताकार 'दुसऱ्याचे नाव' म्हणत नाही, 'दुसऱ्याचा व्यवसाय' म्हणतो. म्हणजे 'देसंग' या अक्षरांवर मालकी कोणाची, हा या कलमाचा प्रश्नच नाही. ती अक्षरे दोघेही वापरत होते आणि आजही वापरतात.

'गैरसमज होऊ शकेल'. 'झाला' नव्हे, 'होऊ शकेल'. फसलेला माणूस साक्षीला आणायची गरज नाही. पण गैरसमज कोणाचा? उत्तर सामान्य माणसाचा. मग सूत्रधारी कंपनीच्या बाबतीत सामान्य माणूस कोण? देगूतल्या गृहिणीला गॅस नळाने येतो. ती नाव पाहून गॅस निवडत नाही. सूत्रधारी कंपनी म्हणजे इतर कंपन्यांचे भाग हाती ठेवून त्यांची सूत्रे हलवणारी कंपनी. महाराष्ट्रात २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाले, तेव्हा महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण यांच्या वर अशीच एक सूत्रधारी कंपनी बसवली गेली. वीज ग्राहकाला तिचे नाव क्वचितच ठाऊक असते. तसेच इथे. अशा कंपनीचा 'ग्राहक' म्हणजे तिचा शेअर घेणारा, तिला कर्ज देणारा, तिच्याशी करार करणारा. देसंगच्या दोन्ही सूत्रधारी कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या. म्हणून गैरसमजाची जागा बाजारातच शोधायची.

आता नावे शेजारी ठेव. 'होल्डिंग्स' हा इंग्रजीतून आलेला शब्द, 'जिजू' हा त्याच अर्थाचा कोरियन शब्द. दोन्ही म्हणजे भागधारण. राहता राहिले 'देसंग', ते समान. इंग्रजी नावांत तर फरक आणखी बारीक: एकीकडे देसंग होल्डिंग्स, दुसरीकडे देसंग ग्रुप होल्डिंग्स. नावांची तुलना तुकड्यातुकड्याने करायची नसते, समग्र करायची असते. तशी केली तर ही दोन नावे सारखी आहेत, आणि मुख्य धंदाही एकच, सूत्रधारणाचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये हेच म्हटले. इथे धंदा एक निघाला म्हणून काम सोपे झाले. पण कलमाला धंदा एकच असावा लागतो असे समजू नकोस. ग्राहकवर्ग आणि व्यवहार इतके जवळचे असले की लोक दोन्ही मालकांचा संबंध जोडतील, तर तेवढेही पुरते, हा त्या न्यायालयाचा आधीपासूनचा नियम आहे.

'अनुचित हेतूने'. कलमातली सर्वांत अवघड गाठ ही. हेतू मनात असतो आणि मनाची नोंदवही नसते. न्यायालयाची व्याख्या अशी: आपला व्यवसाय तो दुसऱ्याचा आहे असे लोकांना वाटायला लावून अयोग्य लाभ मिळवण्याचा, किंवा त्या दुसऱ्याचे नुकसान करण्याचा, असा उद्देश. तो ओळखायचा कसा? व्यापाऱ्याची पत व लौकिक, धंद्याचा प्रकार, आकार आणि पद्धत, नाव कसे घेतले गेले त्याचा क्रम, हे सगळे एकत्र तोलून. याचा अर्थ हेतू हा कबुलीने नव्हे, परिस्थितीने सिद्ध होतो.

थोरल्यांच्या बाजूने काय म्हणता येईल ते आधी पुरेपूर म्हणून घे. नाहीतर कलम समजल्याचा भास होईल. मूळ कंपनी त्यांची. १९४७ पासूनचा वारसा त्यांच्याकडे. देसंग हे नाव त्यांनी कुणाकडून उचलले नाही, ते त्यांच्या दारावर होतेच. धाकट्याच्या लौकिकावर जगण्याची त्यांना गरज काय? हा युक्तिवाद वजनदार आहे. जन्मक्रमाचा प्रश्न असता तर तो जिंकला असता.

पण कलम विचारते ते वेगळे. २०१० मध्ये, 'देसंग होल्डिंग्स' हे नाव नोंदून बाजारात असताना, त्याच अर्थाचे नाव घेताना काय ठाऊक होते? भावाने वर्षापूर्वी घेतलेले नाव भावाला ठाऊक नव्हते, असे कुणी म्हणणार नाही. गोंधळ होईल हे कळण्यासारखे होते, आणि वेगळे नाव घेणे शक्य होते. पुढे कंपनीने 'देसंग हाप्दोंग जिजू' असे नाव बदलून घेतले, म्हणजे पर्याय होता हे तिनेच दाखवले. न्यायालयाने अनुचित हेतू मान्य केला.

इथे माझे मत नोंदवतो. 'ठाऊक होते' आणि 'उद्देश होता' यांत अंतर आहे. ठाऊक असूनही माणूस हट्टाने, अभिमानाने, वारशाच्या हक्काने नाव घेऊ शकतो. त्यात फसवण्याचा उद्देश असेलच असे नाही. न्यायालय ज्ञानावरून हेतूकडे गेले, आणि ती वाट जरा उतरती आहे. तरी निकाल मला योग्य वाटतो. हेतू या शब्दाला फक्त दुष्टाव्याचा अर्थ दिला, तर भाऊबंदकीत हे कलम कधीच लागू होणार नाही, कारण तिथे प्रत्येक जण स्वतःला खरा वारस मानतो. मग 'कोणीही' हा शब्द पोकळ ठरतो. एका शब्दाचा असा अर्थ करू नये की दुसरा शब्द व्यर्थ जाईल.

'वापरता कामा नये'. नोंदणी केली नाही तरी पाटीवर, पत्रावर, जाहिरातीत नाव चालवले तर तो वापरच.

उपकलम २. पहिल्या उपकलमाविरुद्ध कोणी व्यापारनाम वापरत असेल, तर त्यामुळे नुकसान होण्याची धास्ती असलेला, किंवा व्यापारनाम नोंदवलेला, त्या नावाचा वापर संपुष्टात आणण्याची मागणी करू शकतो.

'किंवा' वर बोट ठेव. ज्याने नाव नोंदवले आहे त्याला नुकसानीची धास्ती सिद्ध करावी लागत नाही. नोंदणीच त्याला दारात उभे करते. न नोंदवलेल्याने मात्र धास्ती दाखवली पाहिजे. देसंग होल्डिंग्स पहिल्या वर्गातली. म्हणजे २००९ ची नोंदणी ही नुसती कागदी औपचारिकता नव्हती.

उपकलम ३. दुसऱ्या उपकलमाने नुकसानभरपाईच्या मागणीला बाध येत नाही.

स्पष्ट आहे. नाव काढून घेतले म्हणून भरपाई मिटत नाही.

उपकलम ४. एकाच विशेष शहरात, महानगरात, शहरात किंवा गुनमध्ये, दुसऱ्याने नोंदवलेले व्यापारनाम त्याच धंद्यासाठी जो वापरतो, तो अनुचित हेतूने वापरतो असे गृहीत धरले जाते.

'विशेष शहर' म्हणजे सोल. 'महानगर' म्हणजे देगू, बुसान अशी मोठी शहरे. 'गुन' म्हणजे ग्रामीण प्रशासकीय विभाग. 'गृहीत धरले जाते' याचा अर्थ उलट पुरावा देता येतो. फक्त पुराव्याचे ओझे प्रतिवादीच्या खांद्यावर जाते.

आता नकाशा पाहा. देसंग होल्डिंग्सचे मुख्यालय देगूत, देसंग जिजूचे सोलमध्ये. म्हणजे 'एकाच' ही अट अक्षरशः जुळत नाही. गृहीतकाची कुबडी नसताना वादीला हेतू परिस्थितीवरूनच दाखवावा लागणार. पहिल्या उपकलमावर आपण इतका वेळ का थांबलो ते आता कळेल. आणि हेही लक्षात घे, की १९६२ च्या संहिताकाराच्या डोळ्यांसमोर गावातले दुकान होते. शेअर बाजार देगू आणि सोल वेगळे मानत नाही. चौथे उपकलम सूत्रधारी कंपन्यांच्या काळात थिटे पडते, असे माझे मत आहे.

शिक्षेसाठी कलम २८ पाहा: पहिल्या उपकलमाच्या भंगाला दंड, जास्तीत जास्त वीस लाख वॉन. एवढ्या मोठ्या उद्योगाला ही रक्कम किरकोळ. कलमाचे खरे दात दुसऱ्या उपकलमात आहेत.

कलमाच्या बाहेर काय राहिले तेही बघून घे. दोन्ही बाजू स्वतःला 'देसंग समूह' म्हणवत. समूह ही कंपनी नाही, व्यापारी नाही, म्हणून 'समूहाचा अध्यक्ष' हे बिरुद व्यापारनाम ठरत नाही आणि या कलमाच्या कचाट्यात सहजी येत नाही. थोरल्यांच्या कंपनीचे पुढचे दुखणेही नावाचे नव्हते. सोलच्या सिंदोरिम भागात, जुन्या कोळसावड्यांच्या कारखान्याच्या जागेवर तिने डी-क्यूब सिटी हे मोठे संकुल उभारले. ते २०११ मध्ये उघडले, आणि नंतर कर्जापायी मालमत्ता विकाव्या लागल्या. २०१७ मध्ये देसंग हाप्दोंग जिजू आणि देसंग इंडस्ट्रियल यांचे विलीनीकरण झाले, आणि ज्या 'जिजू' शब्दावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो थोरल्यांच्या नावातून निघून गेला.