दारे कोणी उघडी ठेवली?

विंडोज अधिक सुरक्षित की लिनक्स, हा वाद आमच्या शिक्षकांच्या खोलीत निघाला की चहा हटकून निवतो. मी इतिहास शिकवतो. गड कोणता बळकट हे विचारण्यापूर्वी तो पडला कसा हे पाहण्याची खोड मला लागली आहे.

आपण पाहतो ती वेबवरची पाने कुठल्या तरी संगणकात ठेवलेली असतात. तो वेब सर्व्हर. त्या यंत्राचा सारा कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टिम.

सन २००१. विंडोजवर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या 'आयआयएस' या सर्व्हरात एक भगदाड सापडले. कंपनीने १८ जूनला ते बुजवणारा पॅच दिलाही. पण तटासाठी आणलेले दगड पायथ्याशीच पडून राहावेत, तसे झाले. असंख्य यंत्रांवर तो कोणी बसवलाच नाही. जुलैत 'कोड रेड' नावाचा किडा आला. (नाव चक्क एका थंड पेयाचे!) १९ जुलैला १४ तासांच्या आत त्याने ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले. कोणी कळ दाबायला नको, फाईल उघडायला नको. एक यंत्र दुसऱ्याला बाधत गेले. अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर त्याचा रोख होता. किड्यात त्याचा आकडी पत्ता कोरलेला होता. तो पत्ता बदलला आणि ते बचावले.

खरी मौज पुढेच आहे. विंडोज २००० सर्व्हर बसवले की आयआयएस न मागता सोबत येई. आपल्या घराला हे दार आहे, याचाच कित्येक मालकांना पत्ता नव्हता! जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या माणसांना लिहिले, की नवी सोय आणि सुरक्षितता यांत निवड करायची वेळ आली, तर सुरक्षितता निवडा. २००३ च्या विंडोज सर्व्हरच्या बहुतेक आवृत्त्यांत आयआयएस आपोआप येईनासे झाले.

मग लिनक्सवाल्यांनी मिशांना पीळ द्यावा काय? सप्टेंबर २००२ मध्ये 'स्लॅपर' किडा लिनक्सवरच्या अपाची सर्व्हरांत शिरला, ओपनएसएसएलमधल्या भगदाडातून. पॅच जुलैअखेरच निघाला होता. म्हणजे तीच कथा, पात्रे तेवढी निराळी.

मला स्वतःला तिसऱ्याचे कौतुक वाटते. कॅनडातल्या कॅलगरीच्या थिओ डी राट यांनी १९९५ साली ओपनबीएसडी सुरू केली. मजकूर ओळ न् ओळ तपासायचा आणि बहुतेक दारे मुळातच बंद ठेवून द्यायची, ही त्यांची रीत. मूळ मांडणीत बाहेरून शिरता येईल असे छिद्र कित्येक वर्षांत निघाले नाही, असे ते मिरवीत. २००२ मध्ये एक निघाले. तेव्हा त्यांनी ते वाक्य पुसले नाही, 'एकच' असे दुरुस्त केले. २००७ मध्ये त्याचे 'दोनच' झाले. मात्र हा दावा मूळ मांडणीपुरताच आहे. मालकाने वर आपल्या पसंतीची सामग्री बसवून एखादे दार उघडले, की पुढचा पहारा त्याचा त्याने करायचा.