मैत्रीचा बाक



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वेळी पाककृती, विणकामाचे नमुने व थोर स्त्रियांची चरित्रे येतात. यंदा एखादा लेख इतिहासावर असावा असे कार्यकारिणीत ठरले, आणि ते काम मी आपण होऊन मागून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. मी एका साध्या लाकडी बाकाचा इतिहास सांगणार आहे. हा बाक दूर आफ्रिकेतला आहे. त्याचा व माझा संबंध काय, ते आधी सांगितले पाहिजे.

२०२१ साली माझ्या सासूबाई वारल्या. त्यापूर्वी तीन वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या व त्यांचे सारे मीच करीत होते. त्या गेल्यावर लोक म्हणाले, "सुटलीस हो!" पण मला पहाटे तीनला जाग येऊ लागली. छातीत धडधड होई. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होई. भाजी चिरायला घेतली की विळीपुढे तशीच बसून राही. दारावरची घंटा वाजली तर आतल्या खोलीत जाऊन बसे. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, त्यात काही दोष निघाला नाही. मग घरचे व शेजारचे एकच सांगू लागले, "तू फार विचार करतेस, विचार करू नकोस." जसे काही ते माझ्या हातात होते! अखेर ह्यांनी मला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. दुखण्याचे नाव नैराश्य व चिंता, असे त्यांनी सांगितले आणि गोळ्या सुरू केल्या.

माझी धाकटी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. एके रात्री ती अभ्यास करता करता उठून माझ्यापाशी आली व म्हणाली, "आई, तुझ्या दुखण्याला झिंबाब्वे देशात काय म्हणतात ठाऊक आहे? कुफुंगिसिसा. म्हणजे फार विचार करणे." मी उठून बसले. जे शब्द मला इथे बोल लावण्यासाठी ऐकावे लागत होते, तेच त्या लोकांत दुखण्याचे नाव होते! तिने मला पुढचे सगळे वाचून दाखवले. तेच मी येथे माझ्या शब्दांत देते.

झिंबाब्वे हा देश १९८० साली स्वतंत्र झाला. हरारे ही त्याची राजधानी, आणि म्बारे ही त्या शहरातली जुनी, दाट, गरिबांची वस्ती. २००५ साली तिथल्या सरकारने शहरोशहरी झोपड्या, टपऱ्या व लहान बाजार पाडून टाकण्याची मोहीम काढली. त्या मोहिमेला दिलेल्या नावाचा अर्थ 'घाण काढणे' असा होतो. सुमारे ७ लाख लोकांचे घर किंवा पोटापाण्याचे साधन गेले, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात म्हटले आहे. त्यातच एड्सने घरोघरची कर्ती माणसे नेली होती. अशा वेळी लोकांची मने खचली यात नवल ते काय? आणि साऱ्या देशात मनोविकारतज्ज्ञ मोजून दहा-बारा!

त्यांपैकी एक डॉक्टर डिक्सन चिबांडा. त्यांच्या उपचाराखालील एका तरुण मुलीने त्याच सुमारास आत्महत्या केली. तिच्या आईने फोनवर सांगितले की, इस्पितळात यायचे मनात होते, पण बसभाड्याचे १५ डॉलर जवळ नव्हते. रोगी आपल्यापर्यंत पोचू शकत नसेल तर आपण इस्पितळात बसून काय उपयोग, हा प्रश्न डॉक्टरांना पडला. २००६ साली त्यांनी म्बारेत काम सुरू करायचे ठरवले. वरिष्ठांनी सांगितले, परिचारिका देता येत नाहीत, खोलीही देता येत नाही. हाताशी होत्या त्या चौदा आज्या.

या आज्या म्हणजे नगरपालिकेच्या दवाखान्यातर्फे वस्तीत आरोग्याचा प्रचार करणाऱ्या वयस्क बायका. शिक्षण शाळेपुरते, पण गल्लीतले घर न् घर ओळखीचे. खोली नव्हती म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक ठेवला. डॉक्टरांनी प्रथम त्याला मानसिक आरोग्याचा बाक असे नाव दिले, तर कोणी तिकडे फिरकेना. आज्यांनी डॉक्टरांना सुचवले, अशा नावाच्या बाकावर चारचौघांत कोण बसेल? त्याला मैत्रीचा बाक म्हणावे. शोना भाषेतल्या नावाचा अर्थ होतो, एकमेकांना विचार देण्याघेण्याचा बाक. नाव बदलले आणि बायका येऊ लागल्या.

बाकावर काय करीत, ते नीट सांगते, कारण आपल्याला उपयोगी तेच आहे. आजी प्रथम चौदा प्रश्न विचारते. फार विचार येतात का, झोप लागते का, अशा प्रकारचे ते साधे प्रश्न असतात व 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यायचे असते. बरीच उत्तरे 'हो' आली तर बोलणे पुढे चालते. पहिली पायरी मन मोकळे करण्याची: समोरची बोलेल, आजी ऐकेल. दुसरी पायरी उभारी देण्याची: सांगितलेल्या दहा अडचणींतली एकच निवडायची, आणि ती आजीने नव्हे, जिची तिने निवडायची. तिच्यावर या आठवड्यात करता येईल असा एखादा उपाय ठरवायचा. तिसरी पायरी बळ देण्याची: पुढच्या वेळी, ते जमले का, नसेल तर कुठे अडले, ते पाहायचे. अशा सुमारे सहा भेटी होतात. कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार असतील, तर आजी तिला आपल्यापाशी ठेवीत नाही, दवाखान्यातल्या वरच्या माणसांकडे पाठवते.

भेटी संपल्या तरी बायकांना वाऱ्यावर सोडत नाहीत. बऱ्या होत आलेल्या बायकांची मंडळे आहेत. त्या गोल करून बसतात, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात व बोलतात. पिशव्या विकून चार पैसेही मिळतात. मंडळाच्या नावाचा अर्थ, 'एकमेकींचा हात धरून'. मुलीने हे वाचले तेव्हा मला आपला शुक्रवारचा विणकाम वर्ग आठवला.

आता कोणी म्हणेल, गप्पांनी कुठे दुखणे बरे होते? हीच शंका शास्त्रज्ञांनीही घेतली. हरारेच्या २४ दवाखान्यांतल्या ५७३ रोग्यांचे दोन गट केले. बहुतेक त्यांत स्त्रियाच होत्या. एका गटाला बाक दिला, दुसऱ्याला नेहमीचे उपचार व माहिती. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटात शेकडा ५० जणांत नैराश्याची लक्षणे उरली होती, बाकाच्या गटात शेकडा १४ जणांत. हा निष्कर्ष २०१६ साली अमेरिकेतल्या वैद्यकीच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. पुढे असे बाक मलावी, झांझिबार व थेट न्यूयॉर्कपर्यंत गेले.

या बाकाचा धागा आपल्याकडेही पोचतो. ते चौदा प्रश्न शोना भाषेत तयार करण्याच्या कामात डॉक्टर विक्रम पटेल प्रमुख होते. ते मूळचे मुंबईचे. १९९० नंतरच्या काही वर्षांत ते हरारेत काम करीत होते, आणि लोक आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात ते तिथे ऐकत होते. तिथून ते गोव्याला आले व १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'संगथ' ही संस्था काढली. गोव्यातल्या २४ दवाखान्यांत त्यांनी वैद्यकीचे शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिने शिकवून रोग्यांशी बोलायला बसवले. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य केंद्रांत अशा रोग्यांना अधिक गुण आला, खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. तिथले डॉक्टर आपल्या रोग्यांना आधीपासून ओळखून असतात, हे त्याचे एक कारण असावे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातही २०१३ पासून 'आत्मीयता' नावाने गावातल्याच माणसांना ऐकायला शिकवण्याचे काम झाले.

हे सर्व ऐकले त्या रात्री मला उमगले की, माझा बाक मला आधीच मिळाला होता. आपल्या मंडळातल्या एक काकू दर मंगळवारी दुपारी तीन वाजता आमच्या जिन्याच्या पायरीवर गवार नाही तर मेथी घेऊन येऊन बसत. त्यांनी मला कधी 'विचार करू नकोस' म्हटले नाही. "अगं, आज काय जड जातंय?" एवढेच विचारीत. मी रडले तर त्या निवडत राहात. एकदा मी म्हटले, दारावरच्या घंटेची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "बरं, पुढल्या मंगळवारी मी घंटा वाजवीन, तू फक्त कडी काढ." कडी काढायला मला तीन मंगळवार लागले. गोळ्या मी वर्षभर घेतल्या व डॉक्टरांच्याच सांगण्याने हळूहळू बंद केल्या. गोळ्यांनी झोप दिली, काकूंनी दार उघडायला लावले. माझ्या बाबतीत दोन्हींची गरज होती.

हा लेख देऊ नये असे आमच्या घरी काहींचे मत पडले. थोरलीसाठी स्थळे पाहतो आहोत, लोक काय म्हणतील? अध्यक्षबाईंनीही मायेने विचारले, नाव न घालता छापू का? मी रात्रभर विचार केला. मैत्रीच्या बाकाचे आधीचे नाव आठवले. लपवण्यासारखे काही आहे असे आपणच ठरवले, तर त्या बाकावर कोण बसेल? सकाळी ह्यांनी लेख वाचला आणि म्हणाले, "छापू दे." म्हणून अनुक्रमणिकेत माझे नाव आहे.

माझी एक सूचना आहे. मंडळाच्या व्हरांड्यात जुना बाक आहे, त्यावर आपण पिशव्या ठेवतो. दर मंगळवारी तीन ते चार तो मोकळा ठेवावा. तिथे ऐकलेले तिथेच राहील, एवढा एकच नियम असावा. ज्यांचे दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे दिसेल, त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे आपल्यापैकी एकीने जावे. रात्रीबेरात्री कोणाला गरज पडली तर सरकारचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. तो २०२२ साली सुरू झाला व मराठीतही बोलता येते. क्रमांक सूचनाफलकावर लिहून ठेवावा.

काकूंचे गुडघे आता दुखतात, त्यांना जिने चढवत नाहीत. येत्या मंगळवारपासून मी बाकावर बसेन. कोणाला यायचे असेल तर निवडायची भाजी बरोबर आणावी. हात कामात असले म्हणजे बोलणे सोपे जाते.