डीमॉझ : माणसांनी लावलेली इंटरनेटची कपाटं

1998 साली इंटरनेटवर चांगलं काही हवं असलं की पुष्कळ लोक याहूची विषयवार सूची उघडत. ती याहूचे पगारी संपादक तयार करत आणि नव्या संकेतस्थळांचा वेग त्यांना झेपेनासा झाला होता. नोंदी रखडत, बंद पडलेले दुवे तसेच राहत. कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांना त्यावर साधा उपाय सुचला. ज्याला ज्या विषयातलं कळतं, त्यानं त्या विषयाचं कपाट लावावं, तेही विनामोबदला.

जून 1998 मध्ये ही सूची ‘ग्नूहू’ नावानं सुरू झाली. ‘ग्नू’ हे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या प्रकल्पाचं नाव, त्यामुळे चळवळीनं हरकत घेतली आणि ‘न्यूहू’ झालं. ‘हू’ याहूला रुचला नाही. त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपनं ती विकत घेतली, ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ असं नाव दिलं आणि नेटस्केपच्याच मोझिला प्रकल्पाच्या पत्त्यावरून ‘डीमॉझ’ हे लाडकं नाव रूढ झालं.

संपादकाचं काम ग्रंथपालाच्या जातीचं होतं. आलेलं संकेतस्थळ उघडून वाचायचं, योग्य खण शोधायचा आणि एकदोन ओळींत, विशेषणं न लावता, तिथे काय आहे ते लिहायचं. मालकानं पाठवलेल्या मजकुरातलं ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’ काढून टाकायचं. हजारो अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षं हे नेटकेपणानं केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. वर ही सगळी माहिती कुणालाही फुकट वापरायला खुली होती. गूगलनं 2000 साली आपली डिरेक्टरी तिच्यावरच उभारली. 2002 मध्ये स्टॅनफर्डच्या ताहेर हवेलीवालांनी विषयानुसार पेजरँक, म्हणजे गूगलमधलं पानाचं वजन, काढण्याची पद्धत मांडली, तिलाही डीमॉझच्या 16 मुख्य विभागांचा आधार होता.

याच मोकळेपणातून पुढची ओढाताण सुरू झाली. गूगल दुव्याला मत मानत असे. डीमॉझची नोंद म्हणजे माणसानं पारखून दिलेलं मत. शिवाय ती सूची असंख्य ठिकाणी जशीच्या तशी उतरवली जाई, त्यामुळे एका नोंदीतून कितीतरी दुवे मिळत. संकेतस्थळ शोधनिकालांत वर आणून देणाऱ्या एसईओवाल्यांच्या यादीत ‘डीमॉझमध्ये नोंद मिळवा’ हे काम वरच्या क्रमांकावर आलं. अर्जांचे ढीग साचले, कित्येकांना वर्षानुवर्षं उत्तर मिळालं नाही, आणि काही संपादक पैसे घेतात किंवा प्रतिस्पर्ध्याला अडवतात अशा तक्रारी होऊ लागल्या. वाचकासाठी मांडलेल्या खणांपुढे विक्रेत्यांची रांग लागली होती. माझ्या मते डीमॉझला खरी इजा इथे झाली, कारण तिला वाचक म्हणून भेट देणारे कमी आणि नोंद मागणारे जास्त झाले.

ऑक्टोबर 2006 मध्ये मुख्य सर्व्हर कोसळला आणि सुमारे दोन महिने संपादकांना काम करता आलं नाही. तोवर लोकांना खणाखणातून उतरत जायची सवयही राहिली नव्हती. चौकटीत दोन शब्द टाकले की उत्तर येई. गूगलनं आपली डिरेक्टरी 2011 मध्ये बंद केली, याहूची 2014 च्या अखेरीस मिटली. 17 मार्च 2017 रोजी डीमॉझचं दार लागलं. तेव्हा सूचीत सुमारे 38 लाख संकेतस्थळं होती आणि तोवर 90 हजारांहून अधिक संपादकांचे हात तिला लागले होते.

तिची एक खूण नंतरही पानापानांच्या कोडमध्ये राहिली. सर्च इंजिनं निकालांत कधी कधी पानाच्या वर्णनाऐवजी डीमॉझच्या संपादकाची कोरडी ओळ दाखवत. ज्या मालकांना ती नको होती, त्यांच्यासाठी ‘नोओडीपी’, म्हणजे ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्टची ओळ नको’, ही सूचना निघाली होती. संपादकाचा शब्द मालकाच्या शब्दावर भारी पडत होता, याचा हा पुरावा.

जुन्या संपादकांनी कपाटं मात्र टाकून दिली नाहीत. तीच सूची त्यांनी ‘कर्ली’ नावानं पुन्हा उभी केली, आणि एखाद्या विषयाचा खण सांभाळायला आजही तिथे स्वयंसेवक हवे असतात.