लोणारचा खार आणि धुण्याचे माप

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, मेहकर तालुक्याच्या शेजारी, काळ्या कातळात उल्कापाताने पडलेले जे वर्तुळाकार विवर आहे, त्याच्या तळाशी साठलेल्या क्षारजलाची कीर्ती आज भूगर्भशास्त्रज्ञांनी सर्वदूर नेली असली, तरी वऱ्हाडातील रंगारी, कासार आणि परीट यांना लोणार ठाऊक होते ते तेथल्या खारामुळे. सुमारे १,८३० मीटर व्यासाच्या आणि दीडशे मीटर खोलीच्या या विवरात पाणी येण्याच्या वाटा अनेक आहेत, पण बाहेर जाण्याची वाट एकही नाही. काठावरचे झरे आणि पावसाळ्यातील ओहोळ जे जे विरघळवून आणतात ते ते तेथेच राहते, सूर्य फक्त पाणी उचलून नेतो, आणि या अखंड बाष्पीभवनाने सरोवरात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, इतका दाटला आहे की पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. पुराणकारांनी येथे विष्णूच्या हातून लवणासुराचा वध करविला, आणि दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर त्या कथेची साक्ष देत गावात आजही उभे आहे.

या खाराचा जुना लेखी दाखला अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत सापडतो. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तो सांगतो की लोणार हे मोठ्या पावित्र्याचे स्थान असून ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, येथील डोंगरांत काच आणि साबण करण्यास लागणारी सर्व द्रव्ये निघतात, आणि क्षाराच्या या उद्योगावरील जकातीने सरकारास बराच महसूल मिळतो. इ. स. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात नुकताच आला होता. नव्या मुलखाची मोजदाद करणाऱ्या मोगल दप्तराला लोणारात देवस्थानाच्या बरोबरीने साबणाचे साहित्य नोंदवावेसे वाटले, यावरून त्या द्रव्याचे मोल ध्यानात यावे. पुढे १७२४ मध्ये याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या लढाईने निजामाचा अंमल दृढ झाला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने हे स्थळ १८२३ मध्येच पाहिले होते, आणि लाटूश व ख्रिस्ती या शास्त्रज्ञांनी भूगर्भशास्त्र खात्यासाठी केलेला सरोवराचा व त्यातील क्षारांचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्ये पालटली, परंतु उन्हाळा आला की खार काढण्याचे काम चालूच राहिले.

ते काम कष्टाचे होते. वैशाखात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या काठावर पांढरी पापुद्र्यांची साय धरे; ती खरवडून गोळा करीत, आणि तळाच्या काळ्या, उग्र वासाच्या चिखलात गुडघाभर उतरून स्फटिकांची ढेकळे हाताने उचलून आणीत. शुद्धतेप्रमाणे व रूपाप्रमाणे त्यांस दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. उन्हात वाळवून तो माल विवराची चढण चढून वर आणायचा असल्यामुळे गोणीतल्या प्रत्येक शेरामागे कोणाचा तरी घाम असे, आणि अशी वस्तू कोणी मुठीमुठीने उधळीत नाही.

परटाच्या हातात खार गेला की मापाचे दुसरे कारण उपस्थित होई. आमच्या खेड्यांत बलुत्यावर साऱ्या गावाचे धुणे करणारा परीट, ज्यास विदर्भात वरठीही म्हणतात, पांढरे कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर चढवी, रात्रभर वाफ देई आणि पहाटे नदीवर नेऊन दगडावर आपटी. खाराने पाण्यातील चुना खाली बसतो, कपड्यातील तेलकटाशी त्याचा संयोग होऊन थोडा साबण जागच्या जागीच तयार होतो, आणि मळ सुटतो; पण हाच खार प्रमाणाबाहेर झाला तर रेशीम आणि लोकर यांचा तंतू खातो, रंगीत लुगड्याचा रंग उतरवितो आणि धुणाऱ्याच्या तळहातांची साल काढतो. म्हणून अनुभवी परीट खाराचे पाणी दोन बोटांत चोळून त्याच्या बुळबुळीतपणावरून तीव्रता ओळखी, जाड धोतरांस वेगळे पाणी आणि तलम पागोट्यास वेगळे पाणी करी. घरच्या धुण्याला बायका चुलीची राख, रिठा, शिकेकाई वापरीत. फेस किती आला याची चौकशी या साऱ्या व्यवहारात कोणी करीत नसे. कपडा नाकाशी धरून आणि उजेडात पाहून तो स्वच्छ झाला की नाही ते ठरे. परीट कुळात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन याच वऱ्हाडातून स्वच्छतेचे व्रत सांगितले, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे.

ही शिस्त मोडली ती कारखान्यांच्या सोड्याने. लब्लांक आणि त्यानंतर सॉल्व्हे यांच्या कृतींनी युरोपात स्वस्त सोडा निघू लागला, १९३९ मध्ये मिठापूरला टाटांनी रासायनिक उद्योग उभारला, आणि लोणारच्या चिखलात उतरण्याचे प्रयोजन संपत गेले. १९५९ मध्ये सर्फ ही भुकटी आली. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढून धुण्याची भुकटी गरिबाच्या आवाक्यात आणली, आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे हात त्यामुळे कितीतरी हलके झाले, हे उपकार विसरून चालणार नाही. त्या स्वस्त भुकटीचा मोठा भाग म्हणजे सोडाच. तेव्हा लोणारचाच खार निराळ्या वेषाने घरोघर परतला म्हणावे. मात्र माप परतले नाही. शेरावर विकत घेतलेला खार जपून वापरणारे घर पुडीतली भुकटी हाताला येईल तशी ओतू लागले, आणि बादलीवर फेस दाटला म्हणजेच मळ निघाला असा समज रूढ झाला.

हा समज चुकीचा आहे. मळ ओढून घेणाऱ्या रेणूंची जेवढी गरज असते तेवढे पाण्यात उतरले की पुढचा प्रत्येक चमचा कपड्यास अधिक स्वच्छ करीत नाही. तो धाग्यांत अडकून राहतो, कपडा राठ करतो, अंगास खाज आणतो, आणि त्यास बाहेर काढण्यासाठी खळबळण्याचे आणखी पाणी मागतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात, तेथे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत एक बादली पाणी म्हणजे एका माणसाची आंघोळ असते. जड पाण्यात साबण चुन्याशी जुळून दह्यासारखा फुटतो म्हणून तेथे अधिक द्रव्य लागते हे खरे, पण त्यावर उपाय परटाचाच आहे: आधी पाणी सोड्याने मऊ करावे, थोडा वेळ गाळ बसू द्यावा, आणि मग साबण अथवा भुकटी बेताने घालावी.

लोणारात तर हा प्रश्न केवळ घरखर्चाचा राहत नाही. विवराच्या काठावरील झऱ्याच्या धारेवर पिढ्यानपिढ्या आंघोळी आणि धुणी होत आली. राख-रिठ्याच्या काळात त्याने काही बिघडले नाही, पण काही भुकट्यांतले फॉस्फेट आणि फेसकारी द्रव्ये गावच्या सांडपाण्याबरोबर खाली उतरली की त्यांना पुढे जाण्यास नदी नाही, समुद्र नाही. फॉस्फेट हे शेवाळाचे खत आहे. येथील अतिक्षार पाण्यातच जगणारी सूक्ष्म जीवसृष्टी जगात विरळा, आणि तिच्या पाण्याची घडण बदलली तर ती अन्यत्र कोठे जाऊन राहणार? जून २०२० मध्ये सरोवर क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याची नोंद झाली, आणि सांडपाण्याचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. पण न्यायालयाचे हुकूम आणि वन खात्याचे कुंपण मोरीपर्यंत पोहोचत नाही. तेथे हुकूम गृहिणीचा चालतो.

तिने एकदा एवढे करून पाहावे: धुऊन वाळलेला सुती टॉवेल स्वच्छ कोमट पाण्यात, काहीही न घालता, दहा मिनिटे भिजवावा आणि चांगला चोळावा. पाण्यावर फेस आला तर ती मागच्या धुण्याची न निघालेली भुकटी आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मी भुकटी घ्यावी, आधी थोड्या पाण्यात विरघळवावी, कपडे अर्धा तास भिजू द्यावेत, आणि कॉलर, बाह्या, धोतराचा काठ एवढाच भाग हाताने घासावा. आठवड्याने तोच टॉवेल पुन्हा तपासावा, आणि फेस अजून येत असेल तर चमचा आणखी लहान घ्यावा.